कोलॅजन मेम्ब्रेन की पीआरएफ? माझा काटा कुठे झुकला

हिरड्यांच्या आजारात दाताजवळचं हाड झिजून खड्डा पडतो, तो भरायच्या सर्जरीत एकतर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा तयार पडदा (मेम्ब्रेन) टाकतात, नाहीतर पीआरएफ, म्हणजे पेशंटचंच रक्त सेंट्रीफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवून केलेली गुठळी. नवीन क्लिनिक टाकणाऱ्या दोन ज्युनिअरनी एकच प्रश्न विचारला, सर, सेंट्रीफ्यूज घेऊ की त्याच पैशात मेम्ब्रेनचा स्टॉक भरू. मी नागपुरात दोन्ही वापरलंय म्हणून लिहून राहिलो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

थिअरीत मेम्ब्रेन सरळ जिंकते. मेल्चर नावाच्या संशोधकानी १९७६ मध्येच मांडलं होतं की मुळाच्या पृष्ठभागावर आधी ज्या पेशी पोचतील तशी जखम भरते, आणि एपिथेलियमला, म्हणजे हिरडीच्या वरच्या थराला, सगळ्यात जास्त घाई असते, तिला अडवायला मध्ये पडदा पाहिजे. पीआरएफ मात्र साधारण दोन आठवड्यांत विरघळून जातं, म्हणजे पडदा म्हणून ते कच्चंच. पण टाके काढायच्या दिवशी हिरडी ज्या रंगाची दिसते ना, तिथे पीआरएफवाला पेशंट मला कायम पुढे वाटला, सूज कमी, गोळ्याही कमी मागतात. तीन भिंतींच्या, म्हणजे तीन बाजूंनी हाड शिल्लक असलेल्या, अरुंद डिफेक्टमध्ये (खड्ड्यात) ६ महिन्यांनी प्रोब, म्हणजे खोली मोजायची सळई, घातला तर माझ्या हाताला तरी दोघांत फरक लागला नाही.

मेम्ब्रेन रक्त लागलं की भिजलेल्या पापडासारखी होते, ग्लोव्हला चिकटते, दुमडते, ते मी चालवून घेतलं असतं. मला अडलं ते वेगळंच. महालातले एक माळकरी काकाजी, खालच्या दाढेला ग्राफ्ट (हाडाच्या खड्ड्यात भरायचा माल) आणि मेम्ब्रेन टाकली, सगळं छान झालं. टाके काढताना त्यांनी सहज विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे जे आत टाकलं ते कायचं हाये?" पाकिटावर बारीक अक्षरात बोव्हाइन लिहिलेलं होतं, म्हणजे गाईगुरांचं. मी खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग एवढंच म्हणाले, "आधी सांगाचं होतं न बाप्पा." कन्सेंटवर त्यांची सही होती, पण त्यात फक्त ग्राफ्ट आणि मेम्ब्रेन असे दोन शब्द होते, कशाची ते नव्हतं. चूक माझीच होती आणि ती मला आजही टोचते.

तेव्हापासून प्रत्येकाला आधी विचारतो, आणि इथून खरा त्रास सुरू होतो. इतवारीतल्या जैन घरातली आजी प्राण्याचं काहीच नको म्हणते, मोमिनपुऱ्यातले चाचा डुकराचं नाही ना एवढंच विचारतात, आणि बाजारात मेम्ब्रेन गाईची पण आहे, डुकराची पण, माशाची पण. डीलरला फोन करावा तर तो म्हणतो सेफ आहे सर, अहो सेफ आहे ते मलाही माहीत आहे, कशाची आहे ते सांग! पुढच्या वेळी कंपनी बदललेली असते की परत पहिल्यापासून. एमडोगेन हे याच कामाचं जेल घ्यावं तर ते डुकराच्या वाढत्या दातांपासून काढलेलं, प्रश्न तिथंच. पीआरएफला हा विषयच निघत नाही, तुमचंच रक्त आहे म्हटलं की माणूस निवांत होतो. सोबत सिंथेटिक ग्राफ्ट, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट किंवा बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घेतलं की सगळ्यांनाच चालतं.

आता पीआरएफचे नखरे. रक्त काढलं की एक-दोन मिनिटांत नळी मशीनमध्ये गेलीच पाहिजे, असिस्टंट शीर शोधत बसली तर गुठळी नीट बनत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी तेच. मे महिन्यात लाईट जाते, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घ्या. आणि रुंद, दोन भिंतींचा डिफेक्ट असेल तर मी अजूनही मेम्ब्रेनच वापरतो, ड्रॉवरमध्ये दोन ठेवलेल्या असतात. खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडला नाही तर दोन्ही वाया, तिथे सर्जरीची तारीखच देत नाही.

मशीन घ्यायचीच असेल तर नुसते आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या किती, ते बघून घेऊ नका, रोटर लहान-मोठा असला की त्याच ३००० वर जोर बदलतो, जी-फोर्स, म्हणजे तो जोर, किती ते विचारा. नळी बिना केमिकलची काचेची घ्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं केमिकल असतं, त्यात गुठळी होणारच नाही.