अॅनालॉग चिप डिझाइन शिकताय? आयआयसी-ओएसआयसी-टूल्स नक्की घ्या

महागड्या सॉफ्टवेअरची लायसन्स मोजकी आणि विद्यार्थी ढीगभर, ही व्हीएलएसआय (चिप डिझाइन) लॅबची नेहमीची रड. म्हणून मी आता वर्गात आयआयसी-ओएसआयसी-टूल्स हा चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा संच वापरते. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या योहानेस केपलर विद्यापीठाने बांधलेला, डॉकरवर (सगळी सॉफ्टवेअर एकाच तयार पॅकेजमध्ये चालवणारी प्रणाली) चालणारा आणि पूर्ण मोफत. सगळा डेस्कटॉप ब्राउझरमध्येच उघडतो.

आत अनेक देशांचं काम एकत्र आलंय. सर्किट काढायला एक्सस्केम, सिम्युलेशनला एनजीस्पाइस, लेआउटला, म्हणजे चिपवरची प्रत्यक्ष मांडणी आखायला, बर्कलीत जन्मलेलं मॅजिक. सोबत अमेरिकेतल्या स्कायवॉटरचं आणि जर्मनीतल्या आयएचपीचं, अशी १३० नॅनोमीटरची दोन पीडीके, म्हणजे त्या चिप बनवणाऱ्यांच्या प्रक्रियेची मॉडेलं आणि नियम. २०२५ मध्ये ईफॅबलेस ही चिप बनवून देण्याची सोय करणारी कंपनी बंद पडली तेव्हा स्कायवॉटरवर चिप बनवून घेण्याचा सोपा रस्ताच गेला. पण आयएचपीचं पीडीके हाताशी असल्याने आमचा अभ्यास अडला नाही.

संचाची खरी किंमत कळते ती मिसमॅच, म्हणजे एकसारख्या काढलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये पडणारा फरक, तपासताना. साधा करंट मिरर (एका ट्रान्झिस्टरमधल्या करंटची दुसऱ्यात नक्कल करणारं सर्किट) घ्या. ट्रान्झिस्टरची रुंदी २ मायक्रॉन, लांबी ०.५. स्कायवॉटरच्या मॉडेलमध्ये टीटी_एमएम (मिसमॅच धरणारा पर्याय) निवडून मॉन्टे कार्लो, म्हणजे दर वेळी थोडे यादृच्छिक बदल करून अनेक रन, लावा. दर रनला करंट थोडा वेगळा येतो. आता रुंदी ४, लांबी १ करा. गुणोत्तर तेच, क्षेत्रफळ चौपट, आणि करंटचा पसारा जवळपास निम्मा! क्षेत्रफळ वाढलं की मिसमॅच त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, हा संशोधक पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेला नियम पोरांच्या डोळ्यांसमोर ग्राफवर उतरतो. अॅनालॉग सर्किट लहान करताना अचूकता का जाते, हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी इतकं पटत नाही.

मग लेआउट. दोन्ही ट्रान्झिस्टरचे सारखे तुकडे करून ए-बी-बी-ए असे मांडायचे, दोन्ही टोकांना डमी (कडेचे तुकडेही बाकीच्यांसारखेच राहावेत म्हणून ठेवलेले बिनकामाचे ट्रान्झिस्टर). मॅजिकमध्ये मांडणीचा नियम मोडला की तिथल्या तिथे पांढरे ठिपके उमटतात, त्यामुळे चूक शेवटपर्यंत साचत नाही. लेआउटमुळे नकळत तयार होणारा पॅरासिटिक कपॅसिटन्स मोजून, तो धरून पुन्हा सिम्युलेशन जरूर करा. बँडविड्थचा खरा आकडा तिथेच कळतो.

एक्सस्केम बरंचसं कीबोर्डवर चालतं, हात बसायला वेळ लागतो. डाउनलोड काही जीबींचं आहे, हॉस्टेलच्या वाय-फायवर रात्री लावून ठेवा आणि डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा. घरी स्वतःच्या लॅपटॉपवर शिकू पाहणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सुचवेन. सुरुवात करंट मिररपासूनच करा, ऑपअँपची (अनेक ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरची) घाई नको.