हिरडी सरकली: टाळूतला तुकडा घ्यावा की तयार मॅट्रिक्स?

हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलं आणि "ग्राफ्ट करावा लागेल", म्हणजे तिथे ऊतीचा तुकडा बसवावा लागेल, असं डेंटिस्टने सांगितलं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न असतो, "टाळूतून काढणार का?" ही भीती साहजिक आहे. त्यात कोणीतरी सांगतं की हल्ली तयार मटेरियल मिळतं, टाळूला हात लावायची गरजच नाही. मग निवड सोपी वाटायला लागते. प्रत्यक्षात आपल्याला काय साधायचंय, ते ठरल्याशिवाय ही तुलना करताच येत नाही.

हिरडीच्या ग्राफ्टची दोन वेगळी कामं असतात. एक, उघडं पडलेलं मूळ झाकणं, म्हणजे थंड पाण्याची कळ थांबते, दात लांबलचक दिसत नाही, मुळाशी कीड लागायचा धोका कमी होतो. दुसरं, पातळ, सैल हिरडीच्या जागी जाड आणि घट्ट हिरडी तयार करणं, म्हणजे ती आणखी सरकत नाही. काहींना पहिलं हवं असतं, काहींना दुसरं, काहींना दोन्ही.

मूळ कितपत झाकलं जाईल, हे मटेरियलच्या आधी दोन दातांमधल्या हाडावर आणि हिरडीवर ठरतं. २०११ साली हिरडीतज्ज्ञ कैरो यांनी मांडलेली वर्गवारी डॉक्टर यासाठीच वापरतात. दातांच्या फटीतला आधार शाबूत असेल तर आरटी-१ (आरटी म्हणजे रिसेशन टाइप, हिरडी सरकण्याचा प्रकार), तिथे मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते. आरटी-२ मध्ये फटीतला आधार थोडा गेलेला असतो. आरटी-३ मध्ये तो समोरच्या बाजूपेक्षाही जास्त गेलेला असतो आणि तिथे पूर्ण झाकण्याचं आश्वासन कोणी देत असेल तर दुसरं मत जरूर घ्या. आपला गट कोणता, हा प्रश्न ग्राफ्टच्या ब्रँडच्या आधी विचारायला हवा.

आता मटेरियल. त्यांच्यातला बहुतेक फरक रक्तपुरवठ्यातून येतो. मुळाच्या पृष्ठभागात रक्तवाहिन्या नसतात. त्यावर ठेवलेला तुकडा पहिले दोन-तीन दिवस आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, नंतर कडांकडून आणि वरच्या हिरडीकडून नव्या वाहिन्या त्यात शिरतात. तोवर तो हलला किंवा उघडा पडला तर दगावू शकतो.

स्वतःच्या टाळूतली संयोजी ऊती, म्हणजे कनेक्टिव्ह टिशू ग्राफ्ट, हा १९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी मांडलेला प्रकार. आजही बाकी सगळ्यांची तुलना याच्याशीच होते. जागा बधिर केल्यावर डॉक्टर बारीक सुई टाळूत हाडापर्यंत टोचून जाडी मोजतात. तुकडा साधारण सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यातून घेतात. खुद्द दाढेच्या मुळावर टाळू पातळ असतो आणि अधिक आत टाळूची मोठी रक्तवाहिनी जाते, म्हणून जागेची ही काळजी. सुमारे एक ते दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा मुळावर बसवतात आणि त्यावर मूळची हिरडी ओढून शिवतात. तुकडा दोन्ही बाजूंनी रक्त मिळवतो, रंग जुळतो, हिरडी जाड होते आणि वर्षानुवर्षं टिकते. किंमत मोजावी लागते ती टाळूच्या जखमेची. पहिला आठवडा गरम आणि तिखट खाणं जड जातं, कधी थोडं रक्तही येतं. जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

फ्री जिंजायव्हल ग्राफ्टही टाळूतलाच, पण वरच्या त्वचेसकट आणि उघडाच बसवलेला. त्याचा रंग फिकट राहतो, ठिगळ लावल्यासारखा दिसतो, टाळूची जखमही उघडी असते. समोरच्या वरच्या दातांना मी तो सुचवणार नाही. खालच्या पुढच्या दातांजवळ मात्र घट्ट हिरडी उरलेलीच नसेल, ओठाचा पडदा तिला सतत खेचत असेल, तर याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. हसताना तिथलं ठिगळ दिसतही नाही.

एसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स ही मृत दात्याच्या त्वचेतून पेशी काढून टाकल्यावर उरलेली कोलॅजन या प्रथिनाची चौकट. भाजलेल्या रुग्णांसाठी ती आधी आली, नंतर दंतचिकित्सेत शिरली. यात जिवंत पेशी नसतात, म्हणून ती हिरडीखाली पूर्ण झाकलेली हवी आणि टाके सुटून उघडी पडली तर फटका बसतो. भरून यायलाही वेळ लागतो. फायदा मोठा आहे: एका बैठकीत सहा-सात दात करायचे असतील तर टाळूत तेवढी ऊती मिळतच नाही, मॅट्रिक्स मिळते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात मूळ झाकणं आणि घट्ट हिरडी वाढणं दोन्ही हवं असेल तर टाळूच्या ऊतीचं पारडं थोडं जड ठरलं. तयार पर्यायांत तिच्या सगळ्यात जवळ डर्मल मॅट्रिक्सच जाते, असंही त्यात आहे, पण त्यासाठीचा पुरावा कमकुवत असल्याची नोंदही आहे.

कोलॅजन मॅट्रिक्स साधारणतः डुकरापासून बनते. ती मऊ असते, हाताळायला सोपी, टाळूला धक्का न लावता हिरडी थोडी जाड करते. पातळ हिरडीत, मोठ्या उघड्या मुळावर ती टाळूच्या तुकड्याइतकं देत नाही, असं माझं मत आहे. डुकराचं किंवा मानवी दात्याचं मटेरियल शरीरात घालण्यावर धार्मिक किंवा वैयक्तिक आक्षेप असेल तर तो शस्त्रक्रियेआधी मोकळेपणाने सांगा. मटेरियल कशाचं आहे, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगायला हवं, पण दरवेळी तसं होत नाही.

एमडोगेन हे जेलसुद्धा डुकराच्या वाढत्या दातांतून मिळतं. ते जागा भरत नाही, साफ केलेल्या मुळावर लावून हिरडी ओढून घेतात आणि फक्त हिरडी ओढण्यापेक्षा निकाल सुधारतो. पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) आपल्याच रक्तातून, त्यात काही न मिसळता, ते यंत्रात वेगाने फिरवून बनवतात. आक्षेप कुठलाच नाही, पण ते एक-दोन आठवड्यांत विरघळतं. टाळूची जखम झाकायला मला ते चांगलं वाटतं, मूळ झाकायला त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये.

मग निवड कशी करायची? एक-दोन दात, पातळ हिरडी आणि दिसण्याला महत्त्व असेल, तर टाळूचा तुकडा घ्या. चार दिवसांचा त्रास सोसण्यासारखा आहे. अनेक दात असतील, टाळू पातळ असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दुसरी जखम नकोच असेल, तर मॅट्रिक्सचा विचार रास्त आहे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारा. हिरडी मुळातच जाड असेल तर काही वेळा ग्राफ्टशिवाय नुसती ओढून शिवली तरी चालते, तेव्हा तेही विचारा.

धूम्रपान चालू असेल तर वरचं एकही मटेरियल पूर्ण निकाल देत नाही, कारण नव्या वाहिन्याच नीट तयार होत नाहीत. जोरात आडवं ब्रश करण्याची सवय असेल तर ती आधी सोडवा, मऊ ब्रश घ्या. नाहीतर झाकलेलं मूळ पुन्हा उघडं पडेल. आणि दुखत नसेल, सरकणं वाढत नसेल, दिसण्याचीही चिंता नसेल, तर सहा महिन्यांनी मोजमाप आणि फोटो घेऊन लक्ष ठेवणं, हाही एक नीट ठरवलेला उपचार आहे.