सॉफ्टबॉलचा फिल्डिंग मास्क: एक पावसाळा आणि एक सीझन वापरल्यावर

मुलगी आठवीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये (बेसबॉलसारखा खेळ) थर्ड बेसला, म्हणजे बॅटरच्या जवळच्या एका जागी, फिल्डिंगला उभी राहते. तिच्यासाठी जूनमध्ये स्टीलच्या तारेचा फिल्डिंग मास्क, म्हणजे फिल्डरनं तोंडावर बांधायची जाळी, मागवला. तेव्हापासून बाकीच्या पालकांचे सारखे फोन येतात, "कसा आहे ओ तो मास्क, आम्ही पण घेऊ काय?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. घ्या. पण तार बघून भुलू नका, गाद्या, पट्टे आणि माप बघून घ्या. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या कामात आहे, तार आणि वेल्डिंग हाच माझा रोजचा धंदा, तरी हेच म्हणतो. कंपनीचं नाव देत नाही, कारण तारेचे मास्क बरेचसे एकाच घडणीचे असतात आणि खरा फरक चेहऱ्याला बसण्यात पडतो.

बेळगावात आधी दुकानं फिरलो. कॅचरचा मास्क मिळतो, बॅटिंगचं हेल्मेट मिळतं. फिल्डरसाठी म्हटलं की क्रिकेटचं हेल्मेट पुढं करतात. शेवटी ऑनलाइन मागवला, तीन हजारांच्या आत बसला.

"फिल्डरला कशाला मास्क?" हा प्रश्न घरातून पण आला. सॉफ्टबॉलचा बॉल बारा इंच घेराचा, वजन १८० ग्रॅमच्या पुढं. क्रिकेटचा बॉल १६० ग्रॅमच्या आसपास. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची, इथं मोठ्या मुलींची पिचर (बॉल टाकणारी) ४३ फुटांवरून, म्हणजे साधारण १३ मीटरवरून टाकते. बंट, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून हळूच पुढं टाकलेला बॉल, येणार असं वाटलं की थर्ड बेसवाली तिच्याही पुढं धावत येते. समजा ती बॅटपासून ११ मीटरवर आहे आणि बंट न करता बॅटरनं जोरात फटका मारला, बॉल ताशी ९० किलोमीटरनं आला. हिशोब करा, अर्ध्या सेकंदाच्या आत तो तोंडाशी. त्यातला निम्मा वेळ डोळ्यांनी बघून हात हलायला सुरुवात होण्यातच जातो. अमेरिकेच्या शालेय सॉफ्टबॉलमध्ये बॅटरच्या हेल्मेटला जाळी सक्तीची आहे. आमच्याकडं फिल्डरला कुणी मास्क घाल म्हणत नाही. घातला म्हणून आजवर कुठल्या अंपायरनं अडवलंही नाही.

तरी खरी भीती त्या सरळ फटक्याची नाही, टप्प्याची आहे. आमच्या मैदानावरची तांबडी माती पावसात चिखल होते आणि दोन दिवस उघडीप मिळाली की बुटांचे, म्हशींच्या खुरांचे ठसे तसेच वाळून दगडासारखे होतात. सकाळी तिथंच गाडी शिकणारे चक्कर मारतात. अशा जमिनीवर सरपटत येणारा बॉल शेवटच्या हातभर अंतरात कुठं उडेल ते कोचलाही सांगता येत नाही. धारवाडला सामन्यासाठी गेलो होतो, तिथलं मैदान चांगलं रोलर फिरवलेलं. तिथं मास्कची एवढी गरज वाटली नाही, पण मुलीनं काढला नाही.

आता मापाचं. वेबसाइटवर "युथ" आणि "अडल्ट" एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. कपाळाची गादी भुवयांच्या वर बसली पाहिजे, हनुवटीची वाटी हनुवटीला नीट टेकली पाहिजे, आणि नाकाच्या शेंड्यापासून तारेपर्यंत दोन बोटं आडवी जायला हवीत. मार बसला की तो कपाळ आणि हनुवटीवर वाटला जातो. तारच नाकाला टेकत असेल तर मास्क असून नसल्यासारखा. पट्टे आवळून मुलीला "नाही नाही" अशी जोरात मान हलवायला सांगा. मास्क मानेबरोबर फिरला तर माप बरोबर. मान फिरली आणि मास्क मागं राहिला तर परत पाठवा, मोठी होईल तेव्हा बसेल असं म्हणून ठेवू नका.

केसांचा प्रश्न पुरुष पालकांच्या लक्षात येत नाही. शाळेत रिबिनीच्या दोन वेण्या सक्तीच्या. मागचे दोन पट्टे एका पोनीटेलसाठी बनवलेले, एक तिच्या वर आणि एक खाली. दोन वेण्यांवर खालचा पट्टा सरकतो, मास्क डोळ्यांवर येतो. पहिल्या आठवड्यात रोज ऐकायचो, "बाबा, दिसंना झालंय, हनुवटीला टोचायलंय." शेवटी तिच्या आईनं प्रॅक्टिसला जाताना दोन्ही वेण्या सोडून खाली एक पोनी बांधायला सुरुवात केली, तेव्हा मिटलं.

दिसण्याची तक्रार सवयीनं गेली. समोरचं सगळं दिसतं, पायाजवळचा बॉल मात्र मान खाली घालूनच बघावा लागतो, आणि तशी मान खाली ठेवायला कोच ओरडून ओरडून थकले होते, ते आपोआप झालं. उंच उडालेल्या बॉलला वरची आडवी तार मध्ये येते, तिथं अजूनही अडखळते. आवाज थोडा दबतो. "माझा!" म्हणून ओरडलेलं शॉर्टस्टॉपला (शेजारच्या फिल्डरला) ऐकू गेलं नाही आणि दोघी धडकल्या, असंही झालंय.

एका सामन्यात बॉल उडून डाव्या गालाच्या तारेवर बसला. टण्ण असा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. तार वाकली नाही, वरचं कोटिंग नखाएवढं उडालं, हनुवटी वाटीच्या जागी लाल झाली. दात, नाक, डोळा शाबूत. मॅडमनी तिला तरी बाहेर बसवलं, आणि बरोबर केलं. मास्क हाडं आणि दात वाचवतो, आतल्या मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. त्या रात्री डोकं दुखतंय काय, मळमळतंय काय, हे आम्ही विचारत राहिलो. कानशील आणि डोक्याची मागची बाजू तर उघडीच असते, हेही ध्यानात असू दे.

आमच्या पावसात स्टीलला काय होतं ते उद्यमबागेत कुणालाही विचारा. कोटिंग उडालं तिथून गंज आत सरकतो आणि वरून बराच काळ दिसत नाही. मी तेवढीच जागा पॉलिश पेपरनं घासून एपॉक्सी प्रायमर लावला, पूर्ण वाळेपर्यंत मास्क वापरायला दिला नाही. तेवढं पुरतं. तार वाकली असेल तर मात्र ठोकून सरळ करू नका, वेल्डिंग तर अजिबात नको. तो मास्क संपला.

तारेपेक्षा गाद्यांनी जास्त छळलं. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वाळतच नाहीत. किटबॅगेत तशाच राहिल्या की वास, मग बुरशी, मग हनुवटीवर पुरळ. साध्या साबणानं धुवायच्या, फडक्यात दाबून पाणी काढायचं, पंख्याखाली वाळवायच्या. चुलीजवळ नको, फोम आखडतो. वेलक्रोत केस आणि माती अडकून त्याची पकड जाते, जुन्या टूथब्रशनं झाडत राहावं लागतं. पट्ट्यांचं इलॅस्टिक दिवाळीपर्यंत सैल झालं. शहापुरात बॅगा शिवणाऱ्याकडून नवीन इलॅस्टिक लावून घेतलं, मूळच्यापेक्षा बरं निघालं.

टीममधल्या एका चष्मेवाल्या मुलीकडं पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा मास्क आहे. हलका आहे, मध्ये तार येत नाही. पण पावसाळी हवेत आतून धुकं धरतं, आणि तांबडी धूळ कोरड्या रुमालानं पुसली की चरे पडतात. आधी पाण्यानं धुवायचा, मग पुसायचा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर प्लास्टिकला तडे जातात. उन्हाळ्यात खेळणाऱ्यांना तो चालेल, आमच्या शाळांचे सामने नेमके पावसात असतात.

"अण्णा, तुमच्याच शेडमध्ये दहा-बारा करून द्या की, निम्म्यात होतील," असं दोघा पालकांनी सुचवलं. करता येतील, दिसायला हुबेहूब होतील. दिले नाहीत, देणारही नाही. वेल्डिंगचा सांधा मारानंतर तुटून आत शिरतो की बाहेर राहतो, हे तपासायची सोय माझ्याकडं नाही, आणि समोर लोकांची पोरं आहेत.

एका जुन्या खेळाडू काकांचं म्हणणं, मास्कनं मुली निष्काळजी होतात, ग्लोव्ह उशिरा आणतात. आमच्या घरी उलटं दिसलं. आधी ती बॉल आला की तोंड फिरवायची, आणि तोंड फिरवलं की ग्लोव्ह चुकायचाच. आता शेवटपर्यंत बघते.

पुढच्या जूनला मोठं माप लागणार, चेहरा वाढलाय. हा मास्क गाद्या बदलून सहावीतल्या एका मुलीला द्यायचं ठरवलंय, तार अजून सरळ आहे. जादा गाद्या मात्र मास्कबरोबरच मागवा. नंतर सुट्या शोधायला गेलो तर आम्हाला अजून मिळालेल्या नाहीत.