‘स्टेप्स’ मोजायच्या कुठून? पंचांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेविषयी

शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहायला लागून मला सहा वर्षे झाली आणि या काळात मैदानाबाहेरून सर्वांत जास्त ऐकलेला शब्द ‘स्टेप्स’ हाच आहे. ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू हातात धरून नियमापेक्षा जास्त पावले टाकल्याची, शिट्टी दिली तर एक बाजू ओरडते, न दिली तर दुसरी, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा शिट्टी तोंडात धरलेला माणूसही शंकेतच असतो. त्यामुळे केवळ या एका नियमभंगावर घेतली जाणारी कार्यशाळा दिसताच मी १,२०० रुपये भरून नाव नोंदवले. आयोजक संस्थेचे नाव मात्र येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रारही नोंदवायची आहे.

पहिल्या सकाळी प्रशिक्षकांनी कोणालाही पावले मोजू दिली नाहीत. एक महाविद्यालयीन खेळाडू धावत येऊन पास घेत होती आणि चेंडू तिच्या ताब्यात आला असे वाटेल त्या क्षणी आम्ही २२ जणांनी फक्त ‘आला’ एवढेच म्हणायचे होते. ऐकायला हा पोरखेळ वाटेल, पण सुरुवातीच्या दहा-बारा खेपांना तो शब्द एका सुरात निघालाच नाही. कोणी चेंडूला बोटे लागताच बोलत होते, तर कोणी तिचे पुढचे पाऊल पडून गेल्यावर. मोजणीची सुरुवातच जर प्रत्येकाची वेगळी, तर निर्णय एकसारखे यायचे कोठून? त्यानंतर प्रशिक्षकांनी तिच्या पावलांभोवती खडूने खुणा केल्या. उजवा पाय जमिनीवर असताना चेंडू हातात आला, मग डावा पडला, मग पुन्हा उजवा आणि तिने ले-अप, म्हणजे बास्केटजवळून उडी घेत केलेला शॉट, मारला. सिमेंटवर तीन खुणा ढळढळीत दिसत होत्या आणि आमच्यापैकी बहुतेकांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ट्रॅव्हलिंगची खूणही करून टाकली होती. तो ले-अप पूर्णपणे नियमात होता.

फिबा या बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१७ साली केलेल्या बदलानुसार, धावताना चेंडू झेलणाऱ्या किंवा ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) संपवणाऱ्या खेळाडूचा जो पाय ताबा मिळताना आधीच जमिनीवर असतो, तो मोजणीत धरला जात नाही. त्यानंतर एक पाय किंवा दोन्ही पाय टेकले की ते पहिले पाऊल. थांबण्यासाठी, पास देण्यासाठी किंवा बास्केट करण्यासाठी अशी दोन पावले मिळतात. परंतु पास झेलून ड्रिबल सुरू करायचा असेल तर दुसरे पाऊल पडण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो, आणि ही अट आमच्यापैकी जवळजवळ कोणालाच धड सांगता आली नाही. एका ज्येष्ठ पंचांना ही सगळी एनबीएची, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगची, थेरे वाटली. एनबीएने ‘गॅदर’ची, म्हणजे चेंडू ताब्यात येण्याच्या क्षणाची, व्याख्या नियमपुस्तकात २०१९ मध्ये घातली, म्हणजे फिबाच्या बदलानंतर, हे प्रशिक्षकांनी त्यांना शांतपणे सांगितले. शिवाय खेळाचे जनक नायस्मिथ यांच्या मूळ १३ नियमांतही चेंडू घेऊन पळण्यास मनाई करतानाच, वेगात असताना चेंडू झेलून थांबू पाहणाऱ्याला सूट द्यावी असे म्हटलेले होते.

माझ्या मते सर्वांत मोलाचा ठरला तो दुसऱ्या सकाळचा तास, कारण आपण जे ट्रॅव्हलिंग पकडतच नाही ते त्यात दाखवले गेले. जागेवर उभ्या असलेल्या खेळाडूने ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटण्यापूर्वी पिव्हट पाय (ज्यावर खेळाडू वळतो तो जागेवर रोवलेला पाय) उचलता कामा नये, पण आमच्या शालेय सामन्यांत दर चार-पाच मिनिटांनी कोणीतरी तो उचलतो आणि हालचाल सफाईदार असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पास देताना किंवा शॉट मारताना मात्र पिव्हट पाय उचलता येतो. चेंडू सुटेपर्यंत तो पुन्हा टेकायचा नाही, इतकेच. हा फरक डोक्यात बसावा म्हणून प्रशिक्षकांनी आम्हाला गुडघ्यावर बसवून सलग अर्धा तास केवळ बुटांचे तळवे पाहायला लावले. पहिल्या पावलानंतर उडी मारून दोन्ही पायांवर एकदम उतरलेल्या खेळाडूला कोणत्याही पायावर पिव्हट करता येत नाही, हेही त्याच तासात पक्के झाले.

गैरसमजांच्या यादीतील बाकीचे मुद्दे चटकन उरकले. ड्रिबल करताना, चेंडू हाताला लागलेला नसेल त्या वेळात कितीही पावले टाकता येतात. मैदानाबाहेरून थ्रो-इन करणाऱ्याला, म्हणजे चेंडू आत फेकणाऱ्याला, ट्रॅव्हलिंग लागूच होत नाही. बास्केट झाल्यानंतरचा थ्रो-इन सोडला तर त्याला एकूण एक मीटरपेक्षा जास्त आडवे सरकता येत नाही आणि पाच सेकंदांत चेंडू सोडावा लागतो. चेंडू धरून पडलेला खेळाडू घसरत गेला तरी तो नियमभंग नव्हे, पण चेंडू हातात असताना तो लोळला किंवा उठू लागला की झाला. हे शेवटचे कोणी मानेना, तेव्हा साठीकडे झुकलेले प्रशिक्षक स्वतः चेंडू कवटाळून सिमेंटवर आडवे झाले आणि कोपर खरचटून उठले. उठले तेही आधी चेंडू बाजूला ठेवून.

आता तक्रार. नोंदणीच्या वेळी हातात दिलेली छापील पुस्तिका २०१७ पूर्वीच्या नियमांची झेरॉक्स होती. प्रशिक्षकांनी पहिल्याच तासाला तिची दोन पाने खोडायला लावली खरी, पण रविवारी दुपारच्या लेखी परीक्षेची उत्तरसूची त्याच पुस्तिकेवरून बनवलेली निघाली, आणि दोन दिवस जे शिकवले तेच लिहिणाऱ्या आम्हा सहा जणांचे गुण कापले गेले. सांगितल्यावर ते वाढवून मिळाले. मात्र ज्यांनी चुकीचे उत्तर लिहून गुण मिळवले होते, त्यांचे तसेच राहिले. ते पंचही प्रमाणपत्र घेऊन घरी गेले आहेत. चित्रफितींचा अभाव ही दुसरी उणीव. सामन्यात पूर्ण वेगाने घडलेली हालचाल आधी त्याच वेगात आणि मग संथ करून पाहिली असती, तर खडूच्या खुणांपलीकडचा सराव झाला असता. बचाव करणाऱ्याकडे लक्ष ठेवून पायही कसे पाहायचे, ही पंचाची रोजची अडचण तर चर्चेला आलीच नाही.

जेवण बरे होते, पंखे कमी होते. अगदी नवख्या पंचाला ही कार्यशाळा जड जाईल, कारण बचाव, फाउल, घड्याळ यांविषयी येथे एक शब्दही निघत नाही. ज्यांनी पंधरा-वीस सामने केले आहेत आणि ‘स्टेप्स’च्या आरोळीने ज्यांचा हात आपोआप शिट्टीकडे जातो, त्यांनी शुल्क भरावे, पुस्तिका मात्र पिशवीतच ठेवावी आणि फिबाचे चालू नियम त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून सोबत न्यावेत.