कॅल्शियमचं सिरप आणि लॅब्रेडॉरचं पिल्लू: काही महिने वापरल्यावर

सिरपच्या चवीबद्दल तक्रार नाही. पिल्लं चमचासुद्धा चाटूनपुसून लख्ख करतात. तक्रार लेबलबद्दल आहे.

लेबल म्हणतं, दर 5 मिलीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट 400 मिग्रॅ. दुकानदारापासून सोसायटीतल्या प्रत्येक कुत्रेवाल्यापर्यंत सगळे हे ‘चारशे कॅल्शियम’ असं वाचतात. पण हा आकडा अख्ख्या क्षाराचा आहे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण 39 टक्के, म्हणजे 5 मिलीत जेमतेम 155 मिग्रॅ. कार्बोनेट असेल तर 40 टक्के धरा, ग्लुकोनेट असेल तर फक्त 9. म्हणजे ‘ग्लुकोनेट 500’ छापलेली बाटली चमच्याला 45 मिग्रॅ देते आणि तरी ‘400’वाल्या बाटलीपेक्षा भारी दिसते. ग्राहक सेवेला प्रत्यक्ष कॅल्शियम किती असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा.’ बाटली भरली तुम्ही, आकडा डॉक्टरांनी का सांगायचा?

सुरुवातीला मत असं होतं की मोठ्या जातीच्या पिल्लांना हे सिरप घातकच. त्यामागचं कारण पक्कं आहे. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला नको असलेलं कॅल्शियम आतड्यातून शोषणं कमी करता येतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही, पोटात जाईल त्याचा मोठा वाटा रक्तात उतरतोच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत जादा कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांच्या सांध्यांतली कूर्चा नीट हाडात बदलली नाही, पाय वाकडे झाले. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांनाही हाच धोका.

मग कागद-पेन घेतलं आणि मत हललं.

चार महिन्यांचं, 15 किलोचं लॅब धरू. त्याला दिवसाला साधारण 1200 कॅलरी लागतात. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या ‘आफ्को’ या संस्थेनुसार मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला दर 1000 कॅलरीमागे कॅल्शियम किमान 3 ग्रॅम, कमाल 4.5 ग्रॅम. म्हणजे या पिल्लाला रोज 3.6 ते 5.4 ग्रॅम. चांगलं लार्ज ब्रीड पपी फूड रोज सव्वातीनशे ग्रॅम दिलं आणि पिशवीवर कॅल्शियम 1.2 टक्के असेल, तर 3.9 ग्रॅम मिळालेच. बाटलीवरच्या डोसप्रमाणे सिरप दोन वेळा 10-10 मिली, म्हणजे वर 0.6 ग्रॅम. एकूण साडेचार. घातक नाही, नुसतं अनावश्यक. पण पिशवीवर 1.6 टक्के असेल तर नुसत्या खाण्यातूनच 5.2 ग्रॅम जातात आणि सिरप घातलं की मर्यादा ओलांडली. त्यामुळे आधी पिशवी उलटी करून वाचा. तिथे कॅल्शियमचा आकडाच नसेल, तर ती पिशवी दुकानातच राहू द्या.

खरी गंमत चिकन-भातवाल्यांची आहे, आणि सिरप सगळ्यात जास्त तेच घेतात. 400 ग्रॅम बोनलेस चिकन आणि 180 ग्रॅम तांदूळ एवढ्यात 1200 कॅलरी भरतात, कॅल्शियम मात्र 100 मिग्रॅसुद्धा भरत नाही. सिरपचा पूर्ण डोस मिळून 0.7 ग्रॅम, गरजेच्या पाचव्या हिश्श्याइतका. असं दीर्घकाळ चाललं की शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढतं आणि सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. मग डोस वाढवू? भरपाईला रोज 110 मिलीच्या वर सिरप लागेल, 200 मिलीची बाटली दोन दिवसही पुरणार नाही. पैशाचं एक वेळ सोडा. याच सिरपमध्ये दर 5 मिलीत व्हिटॅमिन डी3 200 युनिट आहे. 110 मिलीत ते 4400 होतं, आणि या पिल्लाची कमाल मर्यादा दिवसाला 900. डी3 चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही; जादा झालं तर मूत्रपिंडावर येतं. माणसांचं 60,000 युनिटचं पाकीट तर पिल्लाच्या आसपासही ठेवू नका.

‘अंड्याच्या टरफलाची पूड घाला, फुकटात काम होतं’ हा सल्ला अर्धाच बरोबर. टरफल म्हणजे जवळपास शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, सपाट चमच्यात पावणेदोन-दोन ग्रॅम कॅल्शियम. पण चिकन-भातात फॉस्फरसही कमी पडतो: गरज 3 ग्रॅमची, मिळतो एक ग्रॅमच्या आसपास. नुसतं टरफल घालून कॅल्शियम पूर्ण केलं तर कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण जवळजवळ पावणेचारास एक होतं, आणि हवं असतं एकास एक ते दोनास एक. शिवाय झिंक, तांबं, आयोडीन यांची बोंब वेगळीच. गुरांसाठीची डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) पावडर आणू नका, त्यातलं फ्लोराइड गुरांना चालेल या हिशेबाने ठेवलेलं असतं. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून पूर्ण पाककृती घ्या, किंवा सरळ पपी फूडवर या आणि चिकन एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांत ठेवा. नाचणी, दही वगैरे तोंडी लावायला ठीक.

आणि ज्यासाठी लोक बाटली आणतात ती लक्षणं? जर्मन शेफर्डचे कान चार-पाच महिन्यांत दात बदलताना पडतात नि बहुतेकदा आपसूक उभे राहतात. पंजे पसरले असतील तर आधी गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट घाला आणि वजन बघा: फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. लंगडत असेल तर एक्स-रे काढा. सिरपने लंगडणं थांबत नाही.

तरीही डॉक्टरांनी तपासून दिलंच असेल तर बाटली जोरात हलवा. क्षार तळाशी पांढऱ्या चिखलासारखा बसतो. न हलवता ओतलं तर पहिले आठ दिवस गोड पाणी आणि शेवटचे दोन दिवस खडू. टोपणाने मोजू नका, बिनसुईच्या 10 मिलीच्या सिरिंजने गालाच्या कडेला सोडा. माणसांचं सिरप असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) आहे का ते वाचा, ते कुत्र्याला विष आहे.

200 मिलीची बाटली अडीचशे रुपयांना, दहा दिवसांत खलास. महिन्याचे साडेसातशे. तेवढ्यात खाण्याची पिशवी एक पायरी वरची येते.

पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एक चवीचा. लेबलवर प्रत्यक्ष कॅल्शियम छापलं तर तिसरा देईन.