बाबांची 28 इंची सायकल, बेळगावजवळचं येळ्ळूर ते उद्यमबाग: चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मार्चात बाबांची काळी सायकल गोठ्यातून बाहेर काढली. तेव्हापासून कारखान्याला रोज हीच. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटर, वळीव, पाऊस, डिसेंबरातलं धुकं, सगळ्यातनं. पगार होईल तसा एकेक भाग बदलला. त्यात माझा क्रम चुकला, म्हणून हे लिहितोय.

मी आधी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, बदललं. 18 दात्यांचं काढून 22 चं घातलं. पुढच्या चक्राला 44 दाते, त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर जाणारी सायकल आता साडेचारच जाते. पण चढाला आणि समोरच्या वाऱ्यात गुडघे दुखायचे थांबले. पैसे वसूल.

ब्रेकचं राहूनच गेलं. जुलैत भाताची लावण चालू होती. उतारावर म्हैस आडवी आली. दोन्ही ब्रेक आवळले, पण चाकं तशीच फिरत राहिली. या सायकलीला वायरऐवजी सळईने ओढायचे ब्रेक. त्याचं रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबतं, आणि स्टीलच्या गुळगुळीत रिमवर पाणी असलं की त्याला पकडच मिळत नाही. पाय घासत घासत मी बांधावरून थेट चिखलात. कोपर सोलटलं. सायकल दुरुस्तीला टाकली, संध्याकाळी न्यायला गेलो तर दुकानातले मामा म्हणाले, "आधी थांबायचं बघ की रे, पळायचं मागनं!"

मग ॲल्युमिनियमच्या रिमा आणि लांब हाताचे कॅलिपर ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे) घ्यायचं ठरवलं. इथं एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40. नव्या रिमांना भोकं 36. म्हणजे जुने हब (चाकाच्या मधला भाग, जिथं तारा अडकवतात) चालत नाहीत, दोन्ही चाकं अख्खी नवी करावी लागतात. माझा सगळ्यात मोठा खर्च हाच. चाकं दुसरीकडे बांधून घेतली. आठवड्याने तारा पुन्हा ओढून देतो म्हणाले, दिल्या नाहीत. दीड महिन्यात मागच्या दोन तारा तुटल्या. मामांनी नंतर सगळ्या नीट ओढल्या, त्यानंतर एकही तुटली नाही. आता भर पावसात दोन बोटांनी ब्रेक दाबला तरी सायकल जागेवर येते.

डायनॅमो काढला. ओल्या टायरवर तो घसरायचा आणि नेमका अंधारातच दिवा जायचा. चार्जिंगचा एलईडी लावलाय, आठवड्यातून दोनदा चार्ज करतो.

पूर्ण चेनकव्हर मात्र काढू नका. जड आहे, खडखडतं, नव्या सायकलवाले काढून टाका म्हणतात. पण माझी चेन अख्ख्या पावसाळ्यात गंजली नाही, तेल दोनदाच घातलं. पँटही कधी अडकली नाही. मडगार्ड आणि टायरमध्ये आपली काळी माती घट्ट बसते, ती रोज घरी आल्यावर काडीने काढायची, वाळली की निघत नाही.

हँडल वळवताना अजून कटकट आवाज येतो. आतले छर्रे झिजलेत. मृग लागायच्या आधी ते बदलून ग्रीस भरून घेणार आहे.