रंग उतरवायला दिली, गिटारच बदलून आली

दांडीवरून कळलं. ट्रेमोलोची दांडी, म्हणजे दाबली की सूर हलतो ती, मी गिटार रंगाला देताना काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती, प्रवासात हरवायला नको म्हणून. दीड महिन्याने गिटार परत आली. रंग बघून मी खूश, बायकोला हाक मारून दाखवला, फोटो काढले आणि मग दांडी लावायला गेलो तर आटे धरेनात. अर्धा फेरा जायची आणि अडकायची. सोळा वर्षं हीच दांडी याच भोकात फिरवतोय, अंधारातही लागायची.

गिटार म्हणजे नव्वदच्या दशकातली जपानी बनावटीची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, सॉनिक ब्ल्यू रंगाची. टोकियोहून परतलेल्या ऑफिसमधल्या एकाकडून 2009 मध्ये घेतलेली. सॉनिक ब्ल्यू म्हणजे जुन्या बाथरूमच्या टाइल्सचा असतो तो फिका निळा. मला तो जरा पिकलेला हवा होता. 1960 च्या दशकातल्या अमेरिकन फेंडर गिटारवर निळ्या रंगावर लॅकरचा पारदर्शक हात असायचा. तो वर्षानुवर्षं पिवळा पडत गेला आणि खालचा निळा हिरवट, पुदिन्याच्या चटणीत दही कालवल्यासारखा दिसू लागला. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचा प्लास्टिकचा पत्रा, उचललं की जिथे उजेड पोचला नाही तिथे निळा बराचसा शाबूत. ते रंग मुळात मोटारींचेच, ड्युपाँटचे ड्यूको आणि ल्युसाइट. आपला सुतार आजही ‘कपाटाला ड्यूको मारू का’ विचारतो, तो शब्द तिथलाच.

माझ्या गिटारवर मात्र लॅकरऐवजी पॉलिएस्टरचा थर होता. फेंडरनेही अमेरिकेत 1968 च्या सुमारास जाड पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली होती. हे म्हणजे काचेचं कवच. ते लॅकरसारखं पिवळं पडत नाही, थंडीने त्याला तशा बारीक भेगाही पडत नाहीत. मला हे माहीत होतं. माहीत असून फसलो, म्हणून तर लिहितोय.

वसईकडच्या एका कारागिराचं नाव मित्राच्या मित्राने सुचवलं. फोनवर गोड माणूस. ‘दादा, यूव्ही लाइटखाली तीन आठवडे ठेवतो, आपोआप पिवळट होईल, मग वरून लॅकरचा हलका हात.’ पॉलिएस्टरवर यूव्ही लाइट तीन आठवडे काय, तीन महिने लावला तरी मला हवा होता तसा रंग येणार नाही. रंग तासून काढायचा आणि लॅकरने नव्याने करायचा, नाहीतर आहे त्यावर मधाच्या रंगाचा हलका थर मारायचा, एवढेच दोन रस्ते आहेत. पण त्याने मागितलेले तीन आठवडे मला प्रामाणिक वाटले. घाई करणारा माणूस संशयास्पद, वेळ मागणारा भरवशाचा, असा आपला एक समज असतोच. अठरा हजार ठरले, निम्मे आगाऊ दिले. आणि गिटार जशी होती तशी, पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे), वायरिंग, ब्रिज (तारा अडकतात तो) सगळ्यासकट, त्याच्या हातात ठेवून नाशिकला परतलो.

तर दांडी लागेना. मग पिकगार्डचे अकरा स्क्रू काढले. पिकअप उलटे करून बघितले तर तिन्हींच्या बुडाला काळ्या सिरॅमिक लोहचुंबकाची पट्टी चिकटवलेली. माझ्या पिकअपमध्ये सहा तारांखालचे सहा खांब हेच ॲल्निकोचे चुंबक होते, खाली पट्टीबिट्टी काही नाही. सिरॅमिक पट्टीवाले पिकअप स्वस्तातल्या गिटारमध्ये सर्रास असतात. दांडी ज्यात बसते तो ट्रेमोलोचा ठोकळाही पातळ, बोटाएवढा. मग बॉडीची जाडी मोजली. स्ट्रॅटची बॉडी साधारण 45 मिलिमीटर असते. व्हर्निअरवर भरली 41. वजन रद्दीवाल्याच्या काट्यावर केलं, अर्धा किलो कमी.

तरी मन मानत नव्हतं. नेक, म्हणजे गिटारची मान, तोच होता, त्यावरचा सीरियल नंबर तोच, बाराव्या फ्रेटजवळचा माझ्या अंगठीचा ओरखडासुद्धा तोच. इथेच तर मेख आहे. या गिटारचा नंबर नेकवर असतो, त्यामुळे आपण नंबर जुळवतो आणि निर्धास्त होतो. नेक मात्र चार स्क्रूंवर सुटतो. शेवटी टॉर्च मारून नेकजवळच्या पिकअपची खाच बघितली. 2011 मध्ये सोल्डरिंग आयर्न निसटून तिथे लाकडाला वाटाण्याएवढा डाग पडला होता, त्यासाठी स्वतःला शिव्या घातल्याचंही आठवतं. डाग नव्हता.

फोन केला. ‘दादा, रंग काढताना घासला गेला असेल.’ आणि चार मिलिमीटर? ‘जुना थर जाड होता ना.’ पिकअप? ‘तुमचे कमजोर झाले होते, बदलून दिले, त्याचे पैसे लावलेच नाहीत.’ उपकार! त्याच्या प्रत्येक उत्तराला मीच जागा करून दिली होती. रंग बदलायला दिला म्हणजे ओळख पुसायला दिली, तीही पैसे मोजून. दुसऱ्या कामात बॉडी बदलली असती तर लांबूनच कळलं असतं.

‘लॅकरचा हात’ही खोटाच निघाला. नेलपेंट काढायच्या ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून आतल्या बाजूला टेकवला. लॅकर असतं तर लगेच चिकट होऊन कापसाला रंग लागला असता. काही झालं नाही. गॅरेजवाले मोटारीवर मारतात तो टू-के मारलेला होता, वरून पिवळसर झाक देऊन.

पोलीस चौकीत हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘गिटार तर तुमच्याकडेच आहे ना?’ अर्ज दिलाय. पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, एवढी माहिती पदरात पडली. जुन्या बॉडीचा आतला एकही फोटो माझ्याकडे नाही, म्हणजे पुरावा कसला दाखवणार?

तुम्हाला रंग करून घ्यायचाच असेल तर नुसती बॉडी द्या. रंगाऱ्याला पिकअप लागत नाहीत, नेक लागत नाही, ब्रिजही लागत नाही. सगळं घरी उतरवा, येत नसेल तर ओळखीच्या कुणाकडून उतरवून घ्या. उघड्या बॉडीचे आतून-बाहेरून फोटो काढा, पट्टी किंवा व्हर्निअर लावून जाडी दिसेल असा एक, काट्यावर ठेवून एक. नेक बसतो त्या खाचेत किंवा एखाद्या स्क्रूच्या भोकात तुम्हालाच कळेल अशी खूण करा, पण पेन्सिलने नको, टोच्याने खोल. आणि पॉलिएस्टर दिव्याखाली पिवळट करून देतो म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार.

गेल्या आठवड्यात जुन्या सामानाच्या एका ॲपवर जपानी स्ट्रॅटची बॉडी विकायला दिसली. सॉनिक ब्ल्यू, मूळ रंग, ‘एकदम कडक कंडिशन’, ठिकाण वसई. म्हणजे माझ्या बॉडीचा रंग त्याने उतरवलाही नसावा. मूळ रंगाला भाव जास्त. दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकला, पिकअपच्या खाचेचा आतून एक फोटो पाठवता का? दोन टिका निळ्या झाल्या. थोड्या वेळाने त्याचा डीपी दिसेनासा झाला.